नसेतल्या नळ्या, चांगुणाबाईचे पाय

माणसांना शॉक द्यायचा आणि ती ओरडली की 'झालं हं, झालं' म्हणायचं, हे माझं काम होतं. भिवंडीत कल्याण नाक्याच्या आत एका मेंदू आणि नसांच्या दवाखान्यात मी नस तपासणारी टेक्निशियन होते. दवाखान्यात मला सगळे मॅडम म्हणायचे, आणि बाहेरच्या बाकावर बसलेले पेशंट आपापसात 'करंटवाली बाई'. दोन्ही मला चालायचं.

आता निवृत्त होऊन वर्ष झालं, पण हातांना ते कुणी सांगितलेलं नाही. लग्नात कुणी हातात हात दिला की माझी बोटं त्याच्या मनगटावर नस चाचपायला लागतात. परवा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, भेटतेस की झडती घेतेस?" स्वस्थ बसणं मला जमतच नाही. हा लेख लिहिताना चार वेळा उठून कपाट आवरलं, आणि आवरायला त्यात काही शिल्लक नव्हतं.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर लोकांना वाटतं आम्ही माणसाला प्लगात खोचतो. मनगटापाशी नसेवर चिमूटभर करंट द्यायचा. अंगठ्याच्या मुळाशी एक पट्टी चिकटवलेली असते, तिथे तो केव्हा पोचला आणि किती जोरात पोचला ते पडद्यावर बघायचं. मधलं अंतर टेपने मोजायचं. शाळेतलं वेळ-अंतर-वेगाचं गणित, दुसरं काही नाही. पडद्यावर एक लाट उठते. ती उशिरा उठली तर नसेतल्या तारांवरचं वेष्टन बिघडलंय, आणि वेळेवर उठून बुटकी राहिली तर आतल्या ताराच गळाल्यात. पायाला घोट्यापासून, हाताला मनगटापासून, असं एकेक नस घेत जायचं.

यात मजेशीर माणसं भेटायची. एक लूमवर काम करणारा कारागीर होता. तपासणी होऊन गेल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. "मॅडम, पिछली बार करंट से बहुत आराम मिला. आज थोडा बढाके दे दो." मी सांगितलं, बाबा रे, ये इलाज नहीं है, जांच है. तो म्हणाला, "जो भी है, दे दो." त्याला मी चहा पाजून परत पाठवला, तर जाताना म्हणतो, चाय में वो बात नहीं.

आणि एक लूममालक सेठ होते, आमच्याच भिवंडीचे जुने कोकणी मुसलमान, मराठी माझ्यापेक्षा गोड. कानाला फोन लावूनच टेबलावर आडवे झाले. पलीकडे कारखान्याचा सुपरवायझर होता. मी शॉक दिला की सेठच्या तोंडून जी शिवी निघायची ती थेट त्या बिचाऱ्याला जायची, आणि तो पलीकडून "जी सेठ, अभी करता हूं सेठ" म्हणत होता. त्या दिवशी त्या कारखान्यात काम झक्क झालं असणार.

पण मला लिहायचंय ते चांगुणाबाईबद्दल. तिच्याबद्दल लिहायचं म्हटलं की मी उठते आणि कपाट आवरते.

चांगुणाबाई अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरची. आगरी, म्हणजे आमच्यातलीच. उमेदीची सगळी वर्षं तिने भिवंडीत कांडी भरण्यात घालवली. लूमच्या धोट्यात जी सुताची बारकी कांडी बसते ती मशीनवर भरायची, आणि दोरा तुटला की मशीन फिरत असतानाच दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारायची. ती गाठ डोळ्यांनी मारत नाहीत, बोटांनी मारतात. गप्पा मारता मारता, सुनेला शिव्या घालता घालता ती मारली जाते. तिला छातीचा कॅन्सर झाला. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, मग औषधं सुरू झाली. पहिल्या औषधाने केस गेले. दुसऱ्या औषधाचे थोडे डोस झाल्यावर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, एकदा नसा तपासून घ्या, जवळ कुठे होत असेल तर तिथे. म्हणून ती माझ्या टेबलावर आली.

सोबत सून होती, सुप्रिया. पोर साधी, पण नजर तीक्ष्ण. ती दारातच म्हणाली, "मॅडम, आईंची चप्पल मागे राहते आणि आई पुढे जातात."

"रस्ता तसा हाय," चांगुणाबाई म्हणाली. "चिखल."

"आई, उन्हाळा आहे."

"तं धूल."

मी हसले आणि कामाला लागले. यंत्र लावण्याआधी मी नेहमी एक साधी तपासणी करायची. लोखंडाचा दुबोटी चिमटा असतो, तो हातावर आपटला की थरथरतो. तो पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायचा आणि विचारायचं, झिणझिण लागतेय का? चांगुणाबाई डोळे मिटून म्हणाली, "लागतेय." घोट्यावर ठेवला. "लागतेय." तिचा आवाज मला फारच तयार वाटला. मग मी आमच्या धंद्यातली जुनी खोडी केली. चिमटा न आपटताच अंगठ्यावर टेकवला, एकदम मुका.

"लागतेय का?"

"मंग. चांगली लागतेय."

सुप्रियाने माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, जरा बाहेर बस गं. यंत्र लावलं. हाताची लाट बुटकी होती. पायाच्या पोटरीमागच्या नसेची तर शोधावी लागली. मी पट्टी हलवून बघितली, पुन्हा पुसून लावली, पुन्हा शोधली. पडदा सपाट तो सपाट.

"चांगुणाबाई," मी म्हटलं, "चिमटा मी वाजवलाच नव्हता."

तिने डोळे उघडले. मग उठून बसली आणि माझा हात धरला. धरला म्हणजे किती जोरात, ते तिला कळत नसणार. "बाय, तू आगऱ्याचीच ना? मंग आयक. नको लिवूस. माजी धाकटी बहीन, तिला पन हाच रोग. ती सारकी मुंग्या मुंग्या करीत बसली. डॉक्टरनी दवा कमी केली. गेली ती. मना पुरी दवा पायजे. पाय काय, पाय ऱ्हायले काय नि गेले काय."

तिच्या बहिणीचं नेमकं काय झालं होतं ते मला ठाऊक नाही. रोग कुणाचा कसा पुढे गेला हे औषधाच्या एका डोसावरून कुणीच सांगू शकत नाही. पण तिच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं, आणि तिथून ते काढणं माझ्या हातात नव्हतं.

मी तिला नळ्यांचं सांगितलं. आमच्या डॉक्टरसाहेबांनी मला ते एकदा भिवंडीच्या भाषेत समजावलं होतं, म्हणून लक्षात राहिलं. नस म्हणजे नुसती विजेची तार नाही. ती जिवंत पेशीचा लांबच लांब हात आहे. पायाच्या नसेची पेशी बसते मणक्याशेजारी, आणि तिचा हात पोचतो थेट अंगठ्याच्या टोकापर्यंत. लागणारा बहुतेक माल तयार होतो तिकडे मणक्यापाशी, आणि तो खाली पोचवावा लागतो. कसा? तर नसेच्या आत बारीक नळ्या असतात. पुस्तकात त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. साध्या डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही धड न दिसणाऱ्या. त्या नळ्यांवरून दोन पायांचे हमाल माल पाठीवर घेऊन चालतात, खरंच एकेक पाऊल टाकत. वरून खाली माल, खालून वर रिकामी पोती आणि निरोप. आमच्या गोदामांसारखंच की. हायवे तुंबला की सगळ्यात आधी उपाशी कोण? जो सगळ्यात लांब आहे तो. म्हणून आधी पायाची बोटं, मग हाताची.

आता तिच्या त्या दुसऱ्या औषधाची गंमत अशी, की ते याच नळ्यांना धरतं. पेशी दुभंगून दोन होताना या नळ्या मोडून नव्याने बांधाव्या लागतात. औषध त्यांना आवळून ठेवतं, मोडूच देत नाही. कॅन्सरची पेशी दुभंगू शकत नाही आणि मरते. नसेच्या पेशीला दुभंगायचं नसतंच, पण तिची वाट तर तीच ना. औषधाचा जो गुण, तोच नसेला दोष. डॉक्टर म्हणायचे, "कापलेली नस लगेच ओरडते. ही उपाशी मरते, म्हणून गप्प असते."

चांगुणाबाईने सगळं नीट ऐकलं. "म्हंजे दवा काम करतेय," ती म्हणाली. "मंग चालू दे."

तिचं चुकत होतं असंही नाही. मी तिला म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही, पण नीट सांगेन. उठले आणि शेजारच्या खोलीत डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं, मुक्या चिमट्यासकट. त्यांनी माझ्यासमोरच मुंबईला फोन लावला. पुढचा डोस थांबवायचा आणि मग बघायचं, असं ठरलं. मी बाहेर येऊन सासूसुनेला बसवून सांगितलं, हातापायाला जपायचं. अनवाणी फिरायचं नाही. रोज पाय उलटे करून बघायचे. चुलीपासून लांब. गरम पाण्यात पाय घालायचे नाहीत, आधी सुनेने हात घालून बघायचा.

सुप्रिया मान डोलवत होती. चांगुणाबाई माझ्याकडे बघत होती. जाताना एवढंच म्हणाली, "तुला आपल्यातली समजले. तू तं सायबाची निघालीस."

ते शब्द माझ्या डोक्यातून आजही जात नाहीत. घरी आले, भाकऱ्या थापल्या, दोन करपल्या. नवरा म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, आणि त्याच्यावर खेकसले. माझं काम मी बरोबर केलं होतं. बरोबर केलं की माणसाला झोप लागावी, अशी माझी समजूत होती.

पुढच्या आठवड्यात सुप्रियाचा फोन आला. पोर रडत होती. "मॅडम, आईंचे दोन्ही पाय भाजलेत."

"चुलीवर?"

"नाही हो. वज्रेश्वरीला. कुंडात."

झालं होतं असं. औषध थांबलं म्हटल्यावर चांगुणाबाईने ठरवलं, डॉक्टर थांबले तर देवी आहे. आमच्याकडे हे काही नवीन नाही. गुडघे धरले, वात आला, अंगाला खाज आली, बाळंतपणानंतर कंबर गेली, की माणसं वज्रेश्वरीच्या गरम कुंडावर जातात. माझी आई जायची, मीही गेलेय. पाणी जमिनीतूनच कढत येतं. पाय घालायचा, हूं म्हणून बाहेर काढायचा, पुन्हा घालायचा, असं करत करत माणूस सरावतो. चांगुणाबाई सुनेला न सांगता शेजारणीसोबत अंबाडीहून निघाली, देवीची ओटी भरली आणि सगळ्यात कढत कुंडाच्या पायरीवर जाऊन बसली. पाय घातले आणि काढलेच नाहीत.

आजूबाजूच्या बायका बघत राहिल्या. कुणी म्हणाली, काय सोसते गं ही. एका म्हातारीने तिच्या पायरीला हात लावून कपाळाला लावला. देवी पावली हिला, असं सगळ्यांचं ठरलं. आणि आमची चांगुणाबाई आनंदाने आणखी बसली.

मी गरम पाण्याचं सांगितलं होतं. दोघींसमोर, दोनदा. पण गरम पाणी म्हणजे बंबातलं, चुलीवरच्या टोपातलं. देवीचं पाणी कुणी गरम पाण्यात धरत नाही, ते तीर्थ. मी त्याच मातीतली, आणि हे माझ्याही ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत मी एकाही पेशंटला "गरम पाणी" एवढंच बोलून सोडलं नाही. "आणि कुंडाचंही नाही," असं प्रत्येकाला सांगायची. उत्तर प्रदेशातून आलेल्या माणसालाही सांगायची. तो बिचारा 'कौनसा कुंड?' म्हणून बघत राहायचा.

तिला इथल्याच एका हॉस्पिटलात ठेवलं होतं. कॅन्सरच्या औषधांनी अंगातली लढायची ताकद उतरलेली, त्यात दोन्ही तळव्यांना फोड, डाव्या पायाची बोटं काळी-निळी. डॉक्टर म्हणाले, जखम चिघळली तर बोटं काढावी लागतील, आणि विष अंगात भिनलं तर पुढचं काही सांगता येत नाही. मी दवाखाना सुटला की तिकडे जायची. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मीही हट्टी, स्टूल ओढून बसले. बसले म्हणजे काय, उठत बसत राहिले. नर्स म्हणाली, मावशी, तुम्ही पेशंटपेक्षा जास्त त्रास देताय.

रोज तेच. ड्रेसिंग करताना ती शांत पडून राहायची. दुखत नव्हतं ना. शेजारच्या खाटेवरची बाई सुईला किंचाळायची, आणि हिच्या तळव्यावरची कातडी डॉक्टर काढत होते तरी ही छताकडे बघत होती. माझ्या आयुष्यात मी इतक्या लोकांना ओरडायला लावलं, पण कुणी ओरडावं अशी इतकी इच्छा कधी झाली नव्हती.

एका दुपारी ती आपणहून बोलली. भिंतीकडे बघतच.

"बाय, मना पानी गार लागला."

मी स्टूल जवळ ओढलं.

"समदे हूं हूं करीत व्हते, नि मना गार. मना वाटला, देवीनं माज्यापुरता गार केला. मी तिला बोलले पन, आई, पावलीस गं. रडले मी तिथं." मग तिने मान वळवली. "तू खरा सांगितलास तवा मना खोटा वाटला. नि खोटा व्हता, ता खरा वाटला."

मला रडू आलं. आणि रागही आला, कुणावर ते कळेना. तिच्यावर, माझ्यावर, त्या पायरीला हात लावणाऱ्या म्हातारीवर, देवीवरसुद्धा थोडा. मी तिचा हात हातात घेतला आणि सवयीने मनगटावरची नस चाचपायला लागले. ती म्हणाली, "शॉक नको देऊस आता." तेव्हा आम्ही दोघी हसलो.

मग तिने विचारलं, "ही दवा डोक्यात पन जाते काय? डोक्यात पन त्या नळ्या असतीलच."

असतात तर. मेंदूची पेशी म्हणजे झाडासारख्या फांद्याच फांद्या, आणि प्रत्येक फांदीला आतून आधार या नळ्यांचा. नवीन काही शिकलं, आठवण बसली, की फांद्या बदलतात आणि मालही तिकडे जास्त जावा लागतो. या नळ्यांना एक प्रथिन धरून असतं, टाऊ म्हणतात त्याला. म्हातारपणी विसरण्याचा मोठा आजार होतो, त्यात ते नळ्यांवरून सुटतं आणि पेशीत त्याचा गुंता होतो. हे वाचल्यापासून मी स्वतः गॅस बंद केला की नाही ते पुन्हा पुन्हा बघते. पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांना राखणदार असतात, हे औषध ते सहसा आत सोडत नाहीत. तिला मी एवढंच सांगितलं, की डोक्याला तशी भीती नाही.

"बरा झाला," ती म्हणाली. "सुनेचा समदा ध्यानात ऱ्हायला पायजे."

सुप्रिया दारात डबा घेऊन उभी होती. तीही हसली, पण तिचे डोळे सुजलेले होते. ती रात्ररात्र त्या पायांकडे बघत बसलेली असायची.

बोटं वाचली. चिघळणं थांबलं, हळूहळू नवी कातडी धरली. मुंबईच्या डॉक्टरांनी ते नळ्यांचं औषध कायमचं बंद केलं आणि उरलेला उपचार दुसऱ्या मार्गाने पुरा केला. त्यानंतरच्या तपासण्या आजवर चांगल्या आल्यात. पुरी दवा मिळाली असती तर आणखी काय झालं असतं, हा हिशेब कुणालाच मांडता येत नाही, तरी मी तो मांडत बसते.

राहिला प्रश्न पायांचा. औषध गेलं की नळ्या पुन्हा बांधल्या जातात, हमाल पुन्हा चालू लागतात. पण वाट लांब, आणि नस वाढते ती गोगलगायीच्या चालीने. कधी वाट पुरी होते, कधी अर्ध्यावर राहते. डॉक्टरांनी वचन दिलं नाही. चांगुणाबाई मधूनमधून तपासायला यायची. पायाची लाट सपाटच. हाताची जराशी डोकं वर काढू लागली होती. मी ती बघून खूश व्हायची, आणि तिचं म्हणणं, "तुजा टीव्ही काय बोलतो ता सोड. मी कांडीवर बसून बगितला. दोरा हातात हाय का न्हाय, ता डोल्यांनी बगावा लागतो. गाठ पडत न्हाय." शेवटी तिने कांडीचं काम सोडलं. मग मी निवृत्त झाले, आणि तिचे पाय तपासायला दुसरी मुलगी आली. ती चांगली आहे, पण मी तिला फोन करकरून विचारते, चांगुणाबाई आली होती का, लाट दिसली का. मुलगी दमते बिचारी.

गेल्या महिन्यात मी भाजी निवडत बसले होते. बसले होते म्हणजे गवारीच्या शेंगा घेऊन घरभर फिरत होते. फोन वाजला. सुप्रिया.

"मॅडम, आई तुमच्याशी बोलायचं म्हणतायत. आधी तुम्हाला फोन लाव म्हणून हट्ट धरलाय."

तिच्या आजाराची माणसं असा हट्ट धरतात तेव्हा आपण चांगलं काही धरून बसत नाही.

मग पलीकडून चांगुणाबाई. "बाय, बांधावर गेलते. बाभलीचा काटा रुतला."

"कुठे?"

"पायात. डाव्या. अंगठ्याच्या खाली." ती थांबली. "मी न्हाय बगितला. चप्पल फाडून शिरला. मना आतूनच समजला."

गवारीच्या शेंगा हातातच राहिल्या. मागे सुप्रिया कुणाला तरी सुई आणायला सांगत होती.

"दुखतोय?" मी शेवटी विचारलं.

"लय. मरनाचा दुखतोय."

"मग आधी काढू दे सुनेला. ती सुई घेऊन बसलीय ना?"

"बसलेय," चांगुणाबाई म्हणाली. "मीच तिचा हात धरलाय. काडेल गं. जरा दुखू दे."